रशियाचं विरजण

माझी मैत्रीण गुंजन दारात आली तेव्हा सासूबाईंनी नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता. पाच मिनिटं आधी आली असती तर काही झालंच नसतं!

"नंदिनी, माह्ये केफिरचे दाने मेले," ती धापा टाकत म्हणाली. "बांधाबांधीच्या घाईत दूध निवूच देलं नाई, कढतच ओतलं. तुह्यातले दे. साडेसातची गाडी हाये."

तिच्या नवऱ्याची पुलगावच्या दारूगोळा डेपोतून जबलपूरला बदली झाली होती. फुलकोबीच्या तुकड्यांसारखे ते दाणे तिचा भाऊ अश्विन डॉक्टरकी शिकून येताना रशियाहून घेऊन आला होता. पुढे तो अपघातात गेला. त्याच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. त्यातलेच चमचाभर तिने माझ्या सासूबाईंसाठी दिले होते. त्यांच्या पोटाला ना दही मानवायचं, ना औषध. या दाण्यांनी आंबवलेलं दूधच काय ते सोसायचं.

मी बरणीकडे वळले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "दिवा लागल्यावर विरजन घराबाहेर देत नसतात. लक्ष्मी जाते."

माझं डोकंच फिरलं. "जाऊ द्या लक्ष्मीले! गाडी काय तुमच्या दिव्यासाठी थांबनार हाये?"

बाहेर ऑटोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. गुंजन नुसती रडत होती. सासूबाईंनी बरणी उचलली. आता कपाटात कोंडतात, असं वाटून मी आडवी उभी राहिले.

"सरक," त्या म्हणाल्या. त्यांनी बरणी गाळणीवर पालथी केली आणि दाणे डब्यात घेतले. सगळेच्या सगळे. वरून थंड दूध ओतलं.

"हे तुह्या भावाचं हाये, पोरी. मी देत नाई, तुह्यं तुले परत करून राह्यली."

"मावशी, तुमच्यासाठी चमचाभर तरी ठेवा."

"माह्यं म्हनून थोडंही ठेवलं तं बाकीचं देनंच झालं ना? जाय, गाडी सुटन."

गुंजन त्यांच्या पाया पडली आणि डबा छातीशी धरून पळाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ताक घेतलं आणि दुपारी पोट धरून भिंतीला टेकून बसल्या. एरवी मी शंभर गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी त्यांची पाठ चोळत राहिले.