चार बोटं पाणी

मित्रांनो, माझ्या दारावर सध्या एक पाटी टांगली आहे. 'विकणे आहे. ऐतिहासिक पाणचक्की, राहत्या घरासह. नदीकाठ. थोडी डागडुजी आवश्यक.' ती पाणचक्की म्हणजे मीच. पाटीवरचं बाकी सगळं खरं आहे, 'थोडी' हा शब्द तेवढा दलालाने पदरचा घातला आहे. पण विकणारा कधी आपलं ताक आंबट म्हणतो का? जाऊ द्या.

माझं वय विचाराल तर मलाही नक्की ठाऊक नाही. उंबऱ्याच्या दगडात बांधल्याचं साल कोरलेलं होतं. पण त्याच दगडावर चार पिढ्यांनी विळे घासले, कोयते घासले. कोयत्यांना धार आली आणि साल पुसलं गेलं. तेव्हा मी जुनी आहे, एवढं धरून चाला.

तुम्ही म्हणता, भिंतींना कान असतात. अगदी खरं. माझ्या भिंतींनी काय काय ऐकलंय ते सांगत बसले तर तुमची जेवायची वेळ टळेल. पण भिंतींना तोंड नसतं, हे मात्र कुणी म्हणत नाही. माझं सगळं दुःख तिथेच आहे.

मला इथे बांधायचं ठरलं तेव्हा गवंड्याने कपाळाला हात लावला. "इथे? अहो, हा तर नुसता चिखल! आज भिंत उभी केली तर उद्या सकाळी छप्पर तेवढं वर दिसेल." तो काही खोटं बोलत नव्हता. मग एक म्हातारा सुतार पुढे आला. त्याने एकेचाळीस झाडांचे सरळ बुंधे आणवले, त्यांना टोकं काढली आणि ते खाली घट्ट जमीन लागेपर्यंत चिखलात ठोकले. वरची डोकी पाण्याच्या पातळीखाली सारखी कापली. त्यांच्यावर दगड बसवले आणि त्या दगडांवर मी उभी राहिले. म्हणजे माझे पाय लाकडाचे आहेत, आणि तेही एकेचाळीस.

काम संपल्यावर त्या सुताराने पहिल्या चक्कीवाल्याला पाटापाशी नेलं. नदीतून पाणी आणणारा तो पाट, आणि त्याच्या तोंडाशी पाणी अडवणारी जाड फळी. सुतार म्हणाला, "नीट ऐक. बुडालेलं लाकूड सडत नाही. पण एकदा उघडं पडून त्याला वारा लागला की ते आतून कुजतं. दळण असेल तेव्हा फळी पूर्ण वर घे. दळण नसेल तेव्हा चार बोटं उघडी ठेव. पूर्ण बंद कधीही करू नकोस. हिचे पाय कोरडे पडले तर ही बसेल."

चार बोटं म्हणजे खरोखरच हाताची चार बोटं. फळी खाली करायची, तिच्याखाली हात आडवा धरायचा आणि बोटं टेकली की थांबायचं. पुढे प्रत्येक चक्कीवाल्याने म्हातारपणी किल्ली सोपवताना पुढच्याला त्या फळीपाशी नेलं आणि हेच सांगितलं. कुणी कधी कागदावर लिहून ठेवलं नाही. घरातली गोष्ट कोण लिहून ठेवतं?

मग माझे दिवस सुरू झाले, आणि काय दिवस होते ते! पहाटे फळी वर गेली की पाणी चाकाच्या पात्यांवर आदळायचं. चाक आधी कुरकुरायचं, अंथरुणातून उठवलेल्या पोरासारखं, आणि मग एकदा फिरायला लागलं की दिवस मावळेपर्यंत थांबायचं नाव नाही. वरचा दगड गरगर फिरायचा, आणि खालचा मात्र जागचा हलायचा नाही. संसारात एकाने तरी जागेवर राहावं लागतं, असं बायका दळणाच्या रांगेत म्हणायच्या आणि आपापल्या नवऱ्यांकडे बघून हसायच्या. चार गावांची पोती माझ्या ओट्यावर असत. माझं पीठ हाताला गार लागे, कारण माझे दगड सावकाश फिरत. लोक ते चिमटीत घेऊन चोळत आणि मान डोलावत. मला बाई, त्या मान डोलावण्याची सवयच लागली होती.

माझा शेवटचा चक्कीवाला म्हणजे पिठूरकाका. हे त्याचं नाव नव्हे. त्याच्या भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर बारा महिने पीठ असे, म्हणून गावातल्या मुलांनी त्याला ते नाव दिलं. आंघोळ करून आला तर त्याला कुणी ओळखत नसे. दगड गुळगुळीत झाले की तो छिन्नी-हातोडी घेऊन बसायचा आणि दोन दोन दिवस टाकी लावायचा. ठक, ठक, ठक. त्याची लेक तेव्हा पिठाच्या पोत्यावर झोपायची. त्या ठकठकीने नाही, ठकठक थांबली की तिला जाग यायची.

मग गावात विजेची गिरणी आली. बटण दाबलं की दळण तयार. लोकांची काय चूक? पोतं घेऊन नदीपर्यंत उतरायचं, रांग लावायची, त्यापेक्षा ते बरं. नव्याचे नऊ दिवस असतील, असं पिठूरकाका म्हणत राहिला. ते नऊ दिवस काही संपले नाहीत. एकेक पोतं कमी होत गेलं आणि एके दिवशी ओटा रिकामाच राहिला. गरज सरो, वैद्य मरो!

तरी पिठूरकाका माझ्यातच राहिला. बायको गेली, लेक शहरातल्या दवाखान्यात नर्स झाली, पण हा रोज सकाळी चहाआधी पाटावर जायचा, फळीखाली हात घालायचा, चार बोटं बघायचा आणि मगच चूल पेटवायचा. तीन वर्षांपूर्वी तिथेच त्याचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. लेक गाडी घेऊन आली आणि त्याला घेऊन गेली. किल्ली दाराच्या खिळ्यालाच राहिली. फळीपाशी नेऊन सांगण्याची गोष्ट कुणी कुणाला सांगितलीच नाही.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही. हे ती दलालाला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. "बाबा खिडकीतून खाली बघत बसतात हो दिवसभर. बोलत नाहीत, जेवत नाहीत धड. ही चक्की विकली गेली की तळमजल्यावर दोन खोल्या घेईन. दार उघडलं की अंगण, असं काहीतरी." बिचारी! मला तिचा जराही राग आला नाही. पिठूरकाकासाठी मी आनंदाने विकली गेले असते.

दलाल नाक वर करून हुंगत म्हणाला, "ताई, ओलीचा वास येतोय. गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. आधी हिला सुकवा."

ती नर्स. तिच्या लेखी ओल म्हणजे खोकला, ओल म्हणजे छातीत कफ. बाबांच्या खोकल्याचं खापरही तिने माझ्याच ओलीवर फोडलं होतं. खरं तर तो खोकला पिठाचा होता. ती तडक पाटावर गेली आणि तिने फळी पूर्ण खाली सोडली. चार बोटं नाही, एकही बोट नाही. वर एक दगड ठेवला, आणि हात झटकत म्हणाली, "चला, हे एक काम झालं."

मित्रांनो, मी ओरडले. माझ्या परीने ओरडले. पण घराचं ओरडणं म्हणजे काय असतं? पहिल्या महिन्यात मागचं दार अडकायला लागलं. तिने सुतार बोलावून दार तासून घेतलं. मग नदीकडच्या भिंतीला केसाएवढी भेग पाडली. तिने गवंडी बोलावून ती लिंपून घेतली. भेग मोठी केली, तर तिने वरून रंग दिला, छान पिवळा. मी एक खिडकी वाकडी केली, एक काच तडकवली. तिने नवी काच बसवली आणि खडूने कडेला फूलही काढलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! ती माझ्या प्रत्येक हाकेवर इतक्या प्रेमाने रंग फासत होती की मला रडावं की हसावं तेच कळेना. दोन वर्षं माझे पाय उघड्या चिखलात सुकत राहिले. पावसाळ्यात भिजत, पुन्हा सुकत.

आणि तेवढ्यात चांगलं गिऱ्हाईक आलं. एक बेकरीवाली. दंडापर्यंत भाजल्याचे डाग, मोठा आवाज. ती आत आली ती सरळ दगडांपाशी गेली आणि टाकीच्या खाचांवरून तिने बोट फिरवलं. "हे कुणी केलंय? हाताला डोळे असल्याशिवाय असं होत नाही. ताई, मला ही चालवायची आहे. पुन्हा दळायचंय." तुम्हाला सांगते, माझ्या आढ्यापर्यंत शिरशिरी गेली. म्हातारपणी कुणी 'चालवायची आहे' म्हणावं! लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी व्यवहार पक्का करायचा ठरला.

त्या रविवारी लेक पिठूरकाकाला निरोपासाठी घेऊन आली. दोघा माणसांनी त्याला खुर्चीसकट उतरवून माझ्या ओट्यावर ठेवलं. किती बारीक झाला होता! भुवयांवर पीठ नव्हतं, तेव्हा कळलं की त्या आता पिठाशिवायच पांढऱ्या झाल्यात. त्याने पिवळ्या भिंतींकडे पाहिलंच नाही. कान टवकारून बसला.

"एवढं गप्प का आहे?" तो म्हणाला.

"पाणी बंद केलंय ना, बाबा. बघा, ओलीचा वास गेला की नाही?"

"बंद म्हणजे? किती?"

"पूर्ण."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

पिठूरकाकाने डोळे मिटले. माझ्या भिंतीवर हात ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. एकेचाळीस बुंधे, म्हातारा सुतार, चार बोटं. लेक ऐकता ऐकता खालीच बसली.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"मला वाटलं, मुलगी. ही कुठे चक्की चालवणार? म्हणून नाही सांगितलं." तो लेकीकडे वळला. "माझं चुकलं, पोरी. तू काय करशील? तुला तर कुणी तिथे नेलंच नाही."

करायला गेले काय अन् वरती झाले पाय, असं म्हणून लेक हसायला गेली आणि हुंदका फुटला. दलाल तिथेच उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, रंगाखालचं काही दिसत नाही. बाई अर्ध्या तासात येतील. आजचा दिवस गप्प राहा, एवढंच म्हणतो. बाबांच्या खोल्यांचा विचार करा."

लेकीने बाबांकडे पाहिलं. पिठूरकाकाचा हात अजून माझ्या भिंतीवरच होता. मी काय बोलणार? पण खरं सांगते, मला वाटलं, गप्प बस ग पोरी. माझं जे व्हायचं ते होवो, याला अंगण मिळू दे.

बेकरीवाली आली तेव्हा लेकीने तिला दारातच सगळं सांगून टाकलं. एका दमात.

दोघी खाली चिखलात उतरल्या. बेकरीवालीने सोबत आणलेल्या गवंड्याने नदीकडच्या एका बुंध्यात पहार टोचली. लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली. दुसऱ्यातही तसंच. असे अकरा निघाले. वर आल्यावर बेकरीवालीचा मोठा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही खरं सांगितलंत, हे मी विसरणार नाही, ताई. पण अकरा पाय नवे बसवायचे म्हणजे... माझ्याच्याने नाही व्हायचं हो." जाताना तिने पुन्हा एकदा दगडांवर हात फिरवला. मग ती गेली.

दलालही गेला. उरलो आम्ही तिघं.

पिठूरकाका म्हणाला, "मला फळीपाशी ने." बाहेर थांबलेल्या त्या दोघा माणसांनी खुर्ची तिथे नेली. लेकीने दगड काढला, फळी वर ओढली, आणि दोन वर्षांनी माझ्या पायाशी पाणी आलं. त्याने खुर्चीतून वाकून फळीखाली हात धरला, मग तो काढून तिला म्हणाला, "आता तू धर." तिने आपली चार बोटं धरली. तो म्हणाला, "तुझी बारीक आहेत. तू पाच धर."

गाडीत त्याला बसवून ती गाडीच्या दाराशी उभी राहिली. एकदम म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला इथून नेलं ना, तेव्हा विचारलंच नाही. तुम्हाला काय हवं होतं?" त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली, ती आत बसली आणि दार लागलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर तो इथे आलेला नाही. लेक दर रविवारी एकटी येते, फळीखाली हात धरते आणि परत जाते. तो अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे.

नदीकडची माझी बाजू बोटभर खचली आहे. पाणी आलं, पण कुजलेलं लाकूड पाणी आलं म्हणून परत उभं राहत नाही. मागचं दार पुन्हा अडकायला लागलं आहे. या वेळी लेकीने ते तासलं नाही. नुसती त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी जुनं असेल. घर असेल, झाड असेल, माणूस असेल. त्याला सुकवण्याआधी, रंगवण्याआधी, चांगल्या जागी नेण्याआधी एकदा विचारा की बाबा रे, तू कशावर उभा आहेस? आणि विचारलंत तर लगेच दार लावू नका. आम्हाला बोलायला वेळ लागतो.

पाटी अजून दारावर आहे. लेकीने तिच्यातला 'थोडी' हा शब्द खोडला आहे आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे. आजवर जी कुणी लिहून ठेवली नव्हती तीच. 'जो कुणी घेईल त्याने फळी पूर्ण बंद करू नये. चार बोटं उघडी ठेवावी. हात बारीक असेल तर पाच.'