ग्रिम्सबीची बोली

विल्फ्रेड स्टॅदर पडद्यावर आला की त्याच्या हातात चहाचा ट्रे असणार, हे इंग्लंडभरच्या प्रेक्षकांना पाठ झालं होतं. बटलर, वकील, कधीमधी बिशप. आवाज भारदस्त आणि उच्चार लोण्यासारखे. हा माणूस ग्रिम्सबीच्या गोदीत, मासे पकडणाऱ्यांच्या घरात जन्मला, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. तरुणपणी तो फिरत्या नाटक कंपनीबरोबर निघून गेला होता. पुढे लंडनच्या एका शिक्षिकेने त्याच्या जिभेवरची गोदी घासून घासून काढली. बोलपट आले आणि त्याच जिभेने त्याला पोटाला लावलं.

युद्ध संपल्यावर स्टुडिओत ट्रॉलरवरच्या, म्हणजे खोल समुद्रात जाळी ओढणाऱ्या बोटींवरच्या, माणसांचा एक चित्रपट ठरला. विल्फ्रेड दिग्दर्शक लॉरिमरकडे गेला आणि त्याने कप्तानाची भूमिका मागितली. लॉरिमर हसला. त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता.

"मिस्टर स्टॅदर, तुम्ही 'वादळ आलंय' म्हणालात, तर लोकांना वाटेल जेवण वाढलंय."

"चाचणी तरी घ्या."

ईस्टरनंतर या, असं लॉरिमरने त्याची समजूत काढायला म्हटलं. विल्फ्रेडने ते वचन म्हणून धरलं आणि बॅग भरली.

ग्रिम्सबीला त्याची धाकटी बहीण हिल्डा राहायची. तिचा नवरा एमॉस ट्रॉलरवर होता. पहिल्याच दिवशी तळलेला हॅडॉक मासा खाताना विल्फ्रेड जुन्या बोलीत दोन वाक्यं बोलला. हिल्डाने काटा खाली ठेवला.

"विल्फ, आमची नक्कल करतोयस होय रे?"

कोट काढला की खालचा सदरा दिसतो, तशी आपली बोली आत शाबूत असेल, असं विल्फ्रेड इतकी वर्षं धरून चालला होता. आता आत काही सापडेना.

मला बोटीवर ने, म्हणून तो एमॉसच्या मागे लागला. पन्नाशीचा माणूस, तोही बटलर, बर्फाच्या पाण्यात काय करणार, म्हणून एमॉसने उडवून लावलं. मग विल्फ्रेड रोज पहाटे धक्क्यावर जाऊन मासे साफ करणाऱ्यांत उभा राहू लागला. बायका त्याला चहा आणायला सांगून हसायच्या. तो चहा आणायचा आणि पुन्हा सुरी हातात घ्यायचा. शेवटी एमॉसच्या बोटीच्या कप्तानालाच लाज वाटली. त्याने त्याला स्वयंपाक्याच्या हाताखाली घेतलं.

आइसलंडच्या वाटेवर विल्फ्रेडने पोटातलं सगळं समुद्राला दिलं. मिठाने त्याचे तळवे चिरले. एमॉस येता-जाता विचारायचा, "बटलरसाहेब, आज जेवायला काय काय आहे?" एका दुपारी बोट अशी कलंडली, की रश्शाचं पातेलं थेट विल्फ्रेडच्या पायांवर आलं. तेवढ्यात दारातून एमॉसने तोच प्रश्न विचारला, आणि विल्फ्रेडने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शब्द विल्फ्रेडच्या बापाचे होते, हेलही बापाचाच.

एमॉस भिंतीला टेकून हसत राहिला. "हां, हा आपल्या स्टॅदरांचा."

त्या दिवसापासून विल्फ्रेड त्याच बोलीत बोलत राहिला. भांडताना, पत्ते खेळताना, भाजलेल्या पायांना शिव्या देताना.

ईस्टरनंतर लॉरिमरने चाचणी घेतली. विल्फ्रेडचं बोलून झाल्यावर लॉरिमर बराच वेळ पाईप शोधत राहिला. मग त्याने खरं काय ते सांगितलं. भांडवल घालणाऱ्यांनी कप्तानाचं काम एका देखण्या नटाला आधीच दिलं होतं. म्हाताऱ्या खलाशाचं उरलं होतं. तो अर्ध्यावर मरायचा.

"करतो," विल्फ्रेड म्हणाला. "पण आमच्याच बोलीत बोलणार."

"लंडनला समजायचं नाही."

"समजेल. इतकी वर्षं ग्रिम्सबीला लंडन समजतंच आहे की."

चित्रपट बेताचा चालला. कप्तानाचं कौतुक वर्तमानपत्रांत आलं आणि खलाशाचं लोकांच्या तोंडी राहिलं. ग्रिम्सबीच्या थिएटरात खलाशी मेला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. तो एमॉस होता, हे हिल्डाने नंतर साऱ्या गल्लीला सांगितलं.

त्या वर्षी बटलरच्या तीन भूमिका आल्या. तिन्ही विल्फ्रेडने परत पाठवल्या. हिवाळा रेडिओवरच्या किरकोळ कामांवर काढला. एजंट चिडला आणि त्याला सोडून गेला. वसंतात एका नवख्या दिग्दर्शकाने कोळशाच्या खाणीतल्या मुकादमाचं काम देऊ केलं. चित्रीकरण सुरू व्हायला अजून अवकाश होता, पण विल्फ्रेड त्याच आठवड्यात बार्न्सली या खाणींच्या गावी एका खाणकामगाराच्या घरी राहायला गेला.