पेशंटच्या तोंडून

सुनेनं सासूबाईंच्या मनगटावर चिकटपट्टी गुंडाळली, पेनानं तिच्यावर एक खोटंच नाव लिहिलं आणि त्यांना दिवाणावर आडवं केलं. उशी काढून घेतली, पांघरूण छातीपर्यंत ओढलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि बारीक आवाजात कण्हायला सुरुवात केली.

"कण्हायचं नाहीये, आई. ऑपरेशन अजून व्हायचंय."

"आधीपासून सवय केलेली बरी," सासूबाई म्हणाल्या.

दुपारचे तीन वाजले होते, तरी खोलीत दिवा लावावा लागला होता. आठवडाभर आभाळ मळकटच होतं आणि दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. सून सकाळची पाळी करून आली होती. अकरा वर्षं ती ऑपरेशन थिएटरात उभी राहत आली होती. सर्जननं मागायच्या आत हवं ते अवजार त्याच्या तळव्यात पडायचं. पण आता थिएटरात राहायचं तर प्रमाणपत्र हवं, असा नियम निघाला होता. लेखी परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली. प्रात्यक्षिकात मात्र आपटली, आणि तीही जिथं नवशिकी पोरगीसुद्धा आपटत नाही तिथं. खाटेवर पेशंट म्हणून एक बाई झोपवलेली होती. हिनं घाईघाईत कागदावरचं नाव वाचलं आणि "तुम्हीच ना या?" असं विचारलं. बाईनं मान डोलावली. ती भलतीच बाई निघाली. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं, एवढंच परीक्षकांना दाखवायचं होतं.

त्याच दिवशी घरी येऊन तिनं वहीत लाल शाईनं लिहिलं होतं: नाव पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. मान डोलावणं हे उत्तर नव्हे.

उद्या दुसरी संधी होती, आणि तीच शेवटची. ती हुकली की वॉर्डात बदली, आणि अकरा वर्षांचं हातातलं कसब कपाटात बंद. म्हणून गेले पंधरा दिवस रोज दुपारी दिवाणाची खाट व्हायची आणि सासूबाईंचा पेशंट. सासूबाईंना तर हुरूपच आला होता. एके दिवशी त्या पित्ताशयात खडे झालेल्या ठेकेदारीणबाई झाल्या, एके दिवशी नवऱ्यावर रुसून अॅपेंडिक्स काढायला आलेल्या नर्तकी. नावं तर अशी काढायच्या की सुनेला हसू आवरायचं नाही. तीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश शिवले होते. ऑपरेशनचं वर्णन ऐकून त्या म्हणायच्या, "आमचं बरं होतं बाई. चुकलं की उसवायचं."

हसता हसता सुनेच्या मनाला मात्र एक गोष्ट टोचत राहायची. गेल्या महिन्यात गॅस दोनदा उघडा राहिला होता. एकदा सासूबाई शेजारच्या जिन्यात आपलं दार शोधत उभ्या सापडल्या. सुनेनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. तो दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, तीन महिन्यांतून एकदा घरी यायचा. तो फोनवर म्हणाला होता, की शुक्रवारी येतो, शनिवारी आईला डॉक्टरकडे नेऊ. ते चार प्रश्न विचारतात. जमलं नाही, तर अशा माणसांना सांभाळणारी एक जागा त्यानं बघून ठेवली होती. स्वच्छ होती म्हणे. सुनेचे हात भांड्यांत होते, म्हणून फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावलेला होता. सासूबाई दाराशी बसून बटण शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यांना ऐकू गेलं नसावं अशी सुनेनं स्वतःची समजूत घालून घेतली.

आजची पहिली फेरी ठीक झाली. सुनेनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कुठल्या बाजूचं ऑपरेशन ते हात लावून दाखवायला सांगितलं. आजच्या पेशंटबाईंनी आधी उजवा गुडघा दाखवला, मग डावा, मग दोन्ही एकदम करून टाका म्हणाल्या.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"हे काय, मघाशीच. अगदी पोटभर."

सुनेनं वहीत खूण केली. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर सकाळी वाढून ठेवलेलं ताट झाकणाखाली जसंच्या तसं होतं. नळ नीट बंद होता तरी तिनं तो पुन्हा एकदा पिळला आणि ती बाहेर आली.

जुनी पट्टी काढून तिनं नवी लावली. या वेळी तिच्यावर सासूबाईंचंच नाव लिहिलं.

"आई, ही शेवटची फेरी. आता सोंग नको. तुम्ही तुम्हीच व्हा."

सासूबाईंनी मनगट हळूच डोळ्यांजवळ नेलं. सुनेनं पट्टीवर तळवा ठेवला.

"पट्टी नंतर बघायची. आधी तुमच्या तोंडून. पूर्ण नाव सांगा."

"म्हणजे बघा," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "एवढी वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि आता माझं नाव विचारतेय."

त्या हसल्या. सूनही हसली आणि थांबली. थांबायलाही ती शिकली होती. प्रश्न विचारला की मनात दहा अंक मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. पाच झाले, सहा झाले. सासूबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण डोळे खोलीभर काहीतरी शोधत होते. दुसरा हात पांघरुणाखालून स्वेटरच्या खिशात गेला. कागद वाजला. घाईत तो निसटला आणि दिवाणाखाली पडला.

सुनेनं तो उचलला. घड्या पडून पडून चार ठिकाणी विरलेला कागद होता. अक्षर मापाच्या वहीतल्यासारखं नेटकं. वर पूर्ण नाव. खाली जन्मतारीख. तिसरा मजला, डावीकडचं दार. मुलगा शुक्रवारी. सून नर्स, ऑपरेशनची. मग सोमवार, मंगळवार असे खोडलेले, आणि त्यांच्यापुढे बुधवार. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: आठवलं नाही तर थट्टा करायची.

वेड पांघरून पेडगावला जाणारी माणसं सुनेनं पुष्कळ पाहिली होती. शहाणपण पांघरलेलं माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. पंधरा दिवस आपण एकट्याच अभ्यास करतोय असं ती धरून चालली होती. तिला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. त्याहून जास्त, त्या फोनची.

तिनं कागद मूळच्या घड्यांवर दुमडला, सासूबाईंच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. सासूबाई सगळं बघत होत्या.

"शनिवारी असंच विचारतील का गं?" त्यांनी विचारलं. आता आवाजात थट्टा नव्हती.

"असंच."

"आणि नाही सांगता आलं, तर दुसरी संधी असते का? तुझी आहे तशी?"

सुनेनं पांघरूण सारखं केलं. कुठंही सुरकुती नव्हती, तरी पायाशी जाऊन पुन्हा ओढलं. मग ती दिवाणाच्या कडेला बसली. वही मांडीवर उघडी होती, लाल शाईतली ओळ डोळ्यांसमोर होती. तिनं सासूबाईंचा हात हातात घेतला, वाकली आणि त्यांचं पूर्ण नाव सावकाश उच्चारलं.

"तुम्हीच ना या?"

सासूबाईंनी मान डोलावली. एकदा, आणि मग खात्रीनं पुन्हा एकदा.

"मग झाले ना मी पास?"

सुनेनं पेन उघडलं आणि वहीत नावासमोरच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

"झालात," ती म्हणाली, आणि पट्टी तिनं त्यांच्या मनगटावर तशीच राहू दिली.