मंगलचा आवाज

२०२२ सालच्या ऊसतोडीत हे घडलं. वाडीच्या समाजमंदिरात पांढरा पडदा लावला होता आणि साळुबाई, कमी ऐकू येतं म्हणून, अगदी स्पीकरच्या पुढ्यात बसली होती. बिबट्यानं माणूस नेलेल्या घरांचा अभ्यास करायला प्रतिभाताई पुण्याहून यायच्या. वर्षभर जुन्नर-आंबेगावात घराघरांत बसून त्यांनी बायकांना बोलतं केलं होतं. आज त्या बोलण्याची फिल्म गावाला दाखवायची होती.

साळुबाईनं त्यांना घरात घेतलं ते जुन्या विश्वासावर. पूर्वी हिवतापवाला यायचा, रक्त घ्यायचा, भिंतीवर तारीख लिहून जायचा. कुणाच्या रक्तात काय निघालं, ते शेजारच्या घरी त्याच्या तोंडून कधी कळलं नाही.

पडद्यावर चेहरा धूसर केलेली बाई आली. खाली नाव होतं, 'सुनीता'.

आवाज मात्र मंगलचा होता. साळुबाईच्या सुनेचा.

"दुसरं लेकरू नको मला. पुन्हा उसाकडं बघत बसायचं बळ न्हाई. मी गोळ्या खाते, घरात कुणाला ठावं न्हाई. सासूबाई नातवासाठी भीमाशंकरला अनवाणी जाऊन आल्या. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटती."

अख्ख्या वाडीत बिबट्यानं मूल नेलेलं घर एकच. नाव बदलून काय लपणार होतं, कपाळ?

"घ्या!" मागून लंकाबाई म्हणालीच. "साळे, देवाला कशाला गं तरास दिलास?"

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. साळुबाईचा मुलगा गोरख उठला आणि पायांत चप्पल न घालताच निघून गेला. मंगल खांबाशी बसली होती, तिची मान वर झाली नाही.

साळुबाईच्या टाळक्यात आग गेली. पायांचे फोड तिचे होते, नवस तिचा होता. आता ही सुनेच्या झिंज्या धरणार, म्हणून सगळे सरसावून बसले. ती उठली ती थेट पडद्याकडे गेली.

"बंद कर ते."

"आजी, चेहरा दिसत नाहीये," प्रतिभाताई म्हणाल्या. "नावही बदललंय. आणि मंगलताईंची परवानगी आहे, सही आहे त्यांची."

"कशाची परवानगी? कुणाला कळणार न्हाई, ह्ये माझ्या म्होरं म्हणालीस. मी चहा घेऊन आले, तर 'आजी, जरा बाहेर बसता का?' बसले की गं! माझ्याच घराच्या भाईर, शेळीपाशी! का, तर तिला मोकळं बोलता यावं. मग आता मला कशाला ऐकवतीस?"

"तुमचं दुःख वरपर्यंत पोचावं, म्हणून..."

"पोचव की! नातू व्हता माझा. समर्थ नाव व्हतं त्याचं, त्ये लिही, बदलू नको. गोळ्या कशाला पोचवतीस? तिनं तुला सांगितलं, आमाला न्हाई. आमाला सांगायचं का न्हाई, ह्ये तिच्या हातात व्हतं. तेवढंच व्हतं बाई तिच्या हातात. त्ये बी तू घेतलंस."

प्रतिभाताईंचा चेहरा उतरला. "चुकलं आजी. मी हे काढून टाकते."

साळुबाईनं मागं बसलेल्या वाडीकडे हात केला.

"आन ह्यांच्या कानांतून?"

 

पुढे प्रतिभाताईंचा अभ्यास पुरा झाला. त्या आता पुण्यात शिकवतात. ती फिल्म त्यांनी खरंच काढून टाकली, असं म्हणतात. लंकाबाई आल्यागेल्या पाहुण्याला ती गोष्ट अजून रंगवून सांगते. गोरख चाकणला कंपनीत लागला, तिथंच खोली करून राहिला. सणाला येतो, आईशी बोलतो आणि जातो.

मंगल साळुबाईपाशीच राहिली. पूर्वी तिनं म्हशीला हाक मारली तर आवाज पार ओढ्यापलीकडे जायचा. आता ती घरातही ओठांतल्या ओठांत बोलते. साळुबाईला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. पण "काय गं?" असं ती दुसऱ्यांदा विचारत नाही.