तिधारी काडी

"अण्णा, टबातलं कुणी उपटलं?"

"मीच. रान माजलं होतं नुसतं," अंगणातल्या खुर्चीत बसलेले अण्णा शाबासकीची वाट बघत म्हणाले.

बाईंनी टबातली माती चाचपली; एक काडीही उरली नव्हती. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. गावातलं तळं बुजवायचं घाटत होतं. तिथला हा बोटभर लव्हाळा फक्त याच भागात उगवणाऱ्या दुर्मीळ जातीचा ठरला, तर ते थांबण्याची आशा होती. पण पिकलेलं बी बघितल्याशिवाय त्याची जात सांगता येत नाही. म्हणून तर त्यांनी तो घरी आणून टबात जपला होता. तळ्यावरचे गुरांनी केव्हाच फस्त केले होते, आणि तळ्याबाबतची सुनावणी उद्यावर आली होती.

"बसून खाता ना? मग बसूनच राहा! कशाला हात लावू नका!"

सासऱ्यांना एवढं ऐकवून बाई तरातरा कॉलेजात निघून गेल्या. पंपदुरुस्तीत जन्म गेलेला तो माणूस, मुलाकडे राहायला आल्यापासून काही ना काही काम शोधत असायचा. बाईंना ते काय ठाऊक नव्हतं? दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली. घरी एक फोन करायचा, तेवढा मात्र केला नाही.

संध्याकाळी त्या परतल्या, तर अण्णा अंगणात त्याच खुर्चीत. पुढ्यात कचऱ्याची टोपली, मांडीवर ओला रुमाल.

"गवताची काडी गोल आणि ह्याची तिधारी, असं तूच म्हणाली होतीस ना? एकेक बोटांत फिरवून निवडली. बघ बरं, हीच का?"

बाई रुमाल घेऊन आत धावल्या. भिंगाखाली मिठाच्या कणाएवढं बी दिसलं, पिकलेलं, अंगभर बारीक खाचा. पुस्तकाशी दोनदा ताडून बघितलं. तोच होता! आनंदानं वळल्या, तर ओट्यावर अण्णांचं ताट सकाळी झाकलं होतं तसंच.

"अण्णा, तोच निघाला!" बाहेर येऊन त्या म्हणाल्या. अण्णांची मान उन्हानं लालभडक झाली होती. "पण तुम्ही जेवला नाहीत? सावलीत तरी बसायचं!"

"बसूनच केलं गं सगळं," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "टोपलीसुद्धा काठीनं ओढली. एकदाच उठलो, त्याला इलाज नव्हता." मग खुर्चीच्या हातांवर भार देत म्हणाले, "आता उठू?"

बाईंनी हात पुढे केला. तो धरण्याआधी अण्णांनी आपली मातीची बोटं सदऱ्याला पुसली.