ओयदिनची नजर

"शी! काय हे माकड जन्माला घातलंस गं, मुखय्यो!" शेजारच्या रोबियामावशींनी पाळण्यावरचं पांघरूण उचललं आणि खुशीत नाक मुरडलं. "नाक तर बघा, चपटं बटाट्यासारखं!"

मर्गिलान शहरातल्या त्या गल्लीत, नजर लागू नये म्हणून, तान्ह्याचं कौतुक असंच नावं ठेवून करतात. मुखय्यो हसली. शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची. नजर लागते, हे काही तिला पटत नसे.

तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, ओयदिनला मात्र ते सहन होईना. ती मावशींच्या अंगावर धावली. "माझा भाऊ माकड नाही! तो खूप खूप सुंदर आहे!"

"थू थू थू!" सासूबाई घाईघाईनं थुंकल्या. मावशींनी पाळण्याचं लाकूड ठोकलं. "कार्टे, जीभ आवर!"

"असू द्या हो, लेकरू आहे," मुखय्यो म्हणाली. त्या वेळी ती ठाम होती.

दुपार होईतो बाळ रडून लाल झालं. दूध तोंडात घेईना. अंग भाजत होतं. सासूबाईंनी नजर उतरवायला इसिरीकच्या वाळल्या झुडपाची धुरी पेटवली, मावशी पुन्हा धावत आल्या. मुखय्यो पाळणा जोरजोरात हलवत होती. ओयदिन दाराशी येऊन उभी राहिली, "आई, काय झालं गं त्याला?" आणि मुखय्योच्या तोंडून निघून गेलं,

"तूच केलंस हे! कशाला सुंदर म्हणालीस? नजर लागली तुझी! जा, बघू नकोस त्याच्याकडे!"

घरात धूर तेवढा हलत राहिला. "अगं सूनबाई," सासूबाई पुटपुटल्या, "त्याच्या बहिणीला असं म्हणतात होय?"

ओयदिन मागे वळून निघून गेली.

बाळाला मोकळं करून कपडे बदलावेत म्हणून मुखय्योनं पाळण्याचे पट्टे सोडले. पांघरुणाखाली हात घातला, तर आतून भट्टीसारखी धग. वरचं पांघरूण, त्याखाली रजई, त्याखाली आणखी एक जाड रजई. ती दुसरी तिनंच सकाळी घातली होती, खिडकीतून वारा येतो म्हणून. हीटरही तिनंच पाळण्याला खेटून ठेवला होता. कुणाला न विचारता.

तिनं सगळं भराभर उपसून टाकलं, हीटर बंद केला, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. थोड्या वेळानं बाळ निवलं आणि हपापल्यासारखं दूध पिऊ लागलं.

"धुरी लागू पडली बघ!" मावशी म्हणाल्या.

गप्प बसणं मुखय्योला किती सोपं होतं. धुरीचं नाव झालंच होतं, तिची चूक कुणाच्या ध्यानातही आली नसती. अपराधी म्हणून एक पाच वर्षांचं पोर तेवढं उरलं असतं.

"धुरीनं नाही, मावशी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मीच त्याला उकडत ठेवलं होतं. नजर कुणाची लागली नाही. ओयदिनची तर नाहीच."

मावशी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं.

बाळाला छातीशी धरून ती अंगणात गेली. ओयदिन द्राक्षाच्या मांडवाखालच्या चौथऱ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आजीचा रुमाल डोळ्यांवर घट्ट बांधलेला.

"आलीस का तू? त्याला घेऊन आलीस?" ती घाबरून आणखी भिंतीला चिकटली. "मी बघितलं नाही, हं आई. एकदाही नाही."

"माझं चुकलं, ओयदिन. ताप मी आणला होता. तुझ्या बघण्यानं काही होत नाही."

"मग तू का तसं म्हणालीस?"

घाबरले होते, असं मुखय्योला म्हणता आलं असतं, पण ओयदिनही घाबरलीच होती की.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "वाईट होतं ते."

ओयदिननं रुमाल काढला नाही. तशीच चाचपडत तिनं हात पुढे केला. बोटांना बाळाचं पाऊल लागलं, तशी ती थबकली.

"गरम नाहीये," ती हळूच म्हणाली.

"नाही."

रुमालाची गाठ सोडायला मुखय्योचा हात उठला, पण तिनं तो आवरला. ती लेकीशेजारी खाली बसली, तिच्या बोटांना ते पाऊल सापडत राहील इतक्या जवळ.