हिडिंबेचं बोलणं

जयराम दशावतारी कंपनीत राक्षसिणी करी. काळं तोंड, लाकडी दात आणि अंगावर थोरल्या बहिणीचं, आक्काचं, हिरवं लुगडं. पंधरा वर्षं तो हिडिंबा होत होता. तेवढीच वर्षं आक्का, नवरा हयात असून, लेकाला घेऊन माहेरी होती. वाचकहो, सवय झाली की कशातच काही वावगं दिसत नाही.

चौऱ्याऐंशी साली, तोंडवलीच्या जत्रेआधी, भावोजी हरिश्चंद्र मुंबईहून उगवले. पंधरा वर्षांत पत्रं तीन. आता वीस वर्षांचा झालेला लेक बाबू त्यांना कारखान्यात हाताशी हवा होता. घरातला कर्ता म्हणून जयराम 'न्या' म्हणून मोकळा झाला.

दुपारी तो लुगडं मागायला गेला. आक्का परसात माडाची झावळं विणत होती.

"खेळ खंयचो रे?"

"घटोत्कचाचो. भीम येता नि झिलाक लढायेक घेऊन जाता."

"मगे हिडिंबा काय बोलता?"

"काय बोलतली? दात इचकून आत जाता. लोक हसतत."

"तुमच्या खेळात लिवलेला कायच नसता, जेचा तेणा बोलूचा. मगे तू इतकी वर्सां गप कित्या?"

"पण बोलाचा काय?"

आक्काने वीण थांबवली नाही. "म्हणाचा, तेचो ताप मी काढलंय, तेचा पयला पाऊल मी बघलंय. खांद्याक लागलो तशी तुका याद इली. न्हेवचो तर न्हे, पण आधी माका इचार."

जत्रेत भीमाने मुलगा मागितला. लोक हसायच्या तयारीत बसले होते. हिडिंबेने लाकडी दात काढून हातात घेतले आणि ती आक्काचे शब्द जसेच्या तसे बोलली. कुणी हसलं नाही. भीम झालेला लवू अडकला. त्यालाही स्वतःच बोलायचं होतं. त्याने गदा खाली ठेवली.

"चुकलंय. इचारतंय."

सकाळी, कानामागे काळा रंग तसाच, जयराम भावोजींसमोर बसला. "मी 'न्या' म्हटलंय, ता म्हणूचो हक्क माझो नव्हतोच. आक्काक इचारा."

हरिश्चंद्रांनी कप खाली ठेवला आणि ते आक्काकडे वळले. "बाबूक न्हेऊ?"

"इचारलात म्हणान सांगतंय. माझा मन नाय," आक्का म्हणाली. "पण बाबूकव इचारा."

"माका देवबागच्या होडयेर मासे धरूक जावचा आसा," बाबू म्हणाला. हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

पुराणातली असो की परसातली, जिला आपण बोलू दिलं नाही, तिच्यापाशी बोलण्यासारखं काही नव्हतं असं समजू नये. आधी विचारावं.

पुढच्या जत्रेला जयराम पुन्हा परसात हजर.

"आक्का, लुगडा दी. आणि मंदोदरी काय बोलता गो?"

"बस. आधी ह्या झावळ धर."